जहाज, खोली आणि कागद : ब्रिटनमधील कॅरिबियन स्थलांतरितांच्या कादंबरीतील प्रवास, आपलेपणा व अस्मिता (१९५४ ते २००४)

प्रस्तावना :

कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा मराठी अभ्यासकाला झालेला परिचय प्रामुख्याने अमेरिकेतील साहित्याचा आहे. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथर चळवळीवरून घेतले. दलित साहित्याच्या चर्चेत अमेरिकन निग्रो साहित्याशी तुलना करण्याची परंपराही आपल्याकडे रूढ झाली. त्या मानाने कॅरिबियन बेटांतून ब्रिटनमध्ये गेलेल्या कृष्णवर्णीय लेखकांच्या कादंबरीकडे आपले लक्ष कमी गेले आहे. वास्तविक भारतीय अभ्यासकाला हा विषय जवळचा वाटावा असा आहे. ही माणसे ज्या साम्राज्याची प्रजा होती त्याच साम्राज्याची प्रजा आपणही होतो. शिवाय या साहित्यातील एक श्रेष्ठ लेखक सॅम्युअल सेल्व्हन हा वंशाने भारतीय होता.

प्रस्तुत लेखात १९४८ नंतरच्या कॅरिबियन स्थलांतराचा इतिहास आणि त्यावर लिहिल्या गेलेल्या काही निवडक कादंबऱ्या यांचा एकत्रित विचार केला आहे. कायद्याने या माणसांना वेळोवेळी काय ठरवले आणि कादंबरीने त्यांना कसे पाहिले, या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहणे हा लेखाचा हेतू आहे. त्यातून कादंबरीला इतिहासाचे साधन मानता येईल काय आणि मानल्यास कोणत्या मर्यादेत, या प्रश्नाचेही उत्तर शोधण्याचा प्रयत्न केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

कॅरिबियन समाज हा मुळातच प्रवासातून घडलेला समाज आहे. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेली माणसे, युरोपातून आलेले मळेवाले आणि नंतर भारतातून नेलेले करारबद्ध मजूर यांच्या एकत्र येण्यातून तो तयार झाला. ब्रिटिश साम्राज्यात गुलामांचा व्यापार १८०७ मध्ये बंद झाला. १८३३ च्या कायद्याने गुलामगिरी रद्द झाली आणि १८३८ मध्ये उमेदवारीची सक्तीही संपली. त्यानंतर उसाच्या मळ्यांना मजूर कमी पडू लागले, तेव्हा १८४५ मध्ये भारतीय मजुरांचे पहिले जहाज त्रिनिदादला पोहोचले. म्हणजे या बेटांवरील बहुसंख्य माणसांच्या पूर्वजांचा पहिला मोठा सागरी प्रवास सक्तीचा अथवा नाइलाजाचा होता. विसाव्या शतकातील लंडनकडचा प्रवास त्यांनी स्वतः तिकीट काढून केला. या दोन प्रवासांमधील नाते हा पुढे कादंबरीचा महत्त्वाचा विषय झाला.

दुसऱ्या महायुद्धात कॅरिबियन बेटांतील हजारो तरुणांनी ब्रिटनच्या बाजूने सेवा केली. युद्धानंतर बेटांवर बेकारी होती आणि ब्रिटनला मनुष्यबळ हवे होते. २१ जून १९४८ रोजी एम्पायर विंडरश हे जहाज टेम्स नदीवरील टिलबरी बंदरात आले आणि दुसऱ्या दिवशी उतारू खाली उतरले. हे जहाज मूळचे जर्मन. युद्धाअखेर ते ब्रिटनच्या ताब्यात आले होते. त्यावरील कॅरिबियन उतारूंची संख्या ४९२ असल्याचे अनेक वर्षे सांगितले गेले. प्रत्यक्ष उतारूंच्या यादीत १,०२७ नावे आहेत आणि त्यांपैकी ८०२ जणांनी आपले शेवटचे वास्तव्य कॅरिबियन प्रदेशात असल्याचे नोंदवले आहे. बारा वर्षांवरील स्त्रियांची संख्या २५७ इतकी आहे. तथापि वृत्तपत्रांतील छायाचित्रांमुळे विंडरश म्हटले की हॅट घातलेले तरुण पुरुषच डोळ्यांसमोर येतात. विंडरश हे पहिले जहाजही नव्हते. १९४७ मध्ये ऑर्मोंड आणि अल्मान्झोरा या जहाजांतून काही कॅरिबियन माणसे ब्रिटनला आलीच होती. एका घटनेचे प्रतीक झाले की तिचा तपशील कसा पुसट होतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

उतारूंपैकी ज्यांची राहण्याची सोय नव्हती अशा दोनशेहून अधिक जणांना दक्षिण लंडनमधील क्लॅपहॅम येथील जमिनीखालच्या युद्धकालीन आश्रयस्थानात ठेवण्यात आले. जवळचे रोजगार कार्यालय ब्रिक्स्टनला होते, म्हणून वस्तीही त्या बाजूला वाढली. ज्या दिवशी उतारू उतरले त्याच दिवशी मजूर पक्षाच्या ११ खासदारांनी पंतप्रधान अ‍ॅटली यांना पत्र लिहून अशा स्थलांतराबद्दल चिंता व्यक्त केली. दुसरीकडे १९४८ चा ब्रिटिश राष्ट्रीयत्व कायदा त्याच उन्हाळ्यात संमत झाला आणि १ जानेवारी १९४९ पासून वसाहतींतील जनतेला 'युनायटेड किंग्डम आणि वसाहतींचे नागरिक' असा दर्जा मिळाला. कागदावर स्वागत आणि मनात संकोच अशी ही सुरुवात होती.

१९५२ च्या कायद्याने अमेरिकेने कॅरिबियन वसाहतींतील प्रवेश अत्यंत मर्यादित केला, तेव्हा ब्रिटनकडील ओघ वाढला. १९५६ पासून लंडन ट्रान्सपोर्टने बार्बाडोसमध्ये जाऊन थेट नोकरभरती सुरू केली. ब्रिटनमधील कॅरिबियन जन्माच्या लोकांची संख्या १९५१ मध्ये सुमारे १५ हजार होती, ती १९६१ मध्ये सुमारे १ लाख ७२ हजार झाली. १९५८ मध्ये नॉटिंग हिल येथे वांशिक दंगली झाल्या. १९६२ च्या कायद्याने राष्ट्रकुलातील नागरिकांच्या मुक्त प्रवेशाचा हक्क संपवून परवान्याची अट घातली. १९६८ आणि १९७१ च्या कायद्यांनी हा दरवाजा आणखी अरुंद केला.

जहाजावर घडलेली ओळख :

जॉर्ज लॅमिंग हा बार्बाडोसचा आणि सेल्व्हन हा त्रिनिदादचा. दोघेही १९५० मध्ये एकाच जहाजाने इंग्लंडला आले. बीबीसीचा 'कॅरिबियन व्हॉइसेस' हा कार्यक्रम त्या काळी या लेखकांचा मोठा आधार होता. जमैकन कवयित्री ऊना मार्सन हिने १९४३ मध्ये त्याचा पाया घातला आणि १९५८ पर्यंत तो चालला. बेटावर लिहिलेली कथा लंडनला जाई, तेथून ध्वनिलहरींवरून परत बेटांवर येई, आणि मग जमैकातील श्रोत्याला त्रिनिदादचा लेखक कळे. शेजारच्या बेटाची ओळख होण्यासाठीही लंडनचा फेरा घ्यावा लागत असे.

लॅमिंगच्या 'द एमिग्रंट्स' (१९५४) या कादंबरीचा मोठा भाग जहाजावरच घडतो. निरनिराळ्या बेटांवरची माणसे एका छपराखाली येतात, एकमेकांच्या बोलीची थट्टा करतात, वाद घालतात, आणि हळूहळू त्यांच्या लक्षात येते की बाहेरचे जग आपल्याला एकच समजणार आहे. आपण 'वेस्ट इंडियन' आहोत ही जाणीव माणसाला आपल्या बेटावर होत नाही, ती परमुलखात दुसऱ्या बेटाचा माणूस भेटल्यावर होते, असा विचार लॅमिंगने पुढे 'द प्लेझर्स ऑफ एक्झाइल' (१९६०) या निबंधसंग्रहात मांडला. अस्मिता ही घरून बांधून आणलेली शिदोरी आहे, ही आपली सर्वसाधारण समजूत येथे तपासून पाहावी लागते. या माणसांची सामूहिक अस्मिता प्रवासात तयार झाली.

पुढे १९९० च्या दशकात सिद्धांतकारांनी हाच विचार निराळ्या परिभाषेत मांडला. जमैकाहून १९५१ मध्ये ऑक्सफर्डला शिकायला आलेल्या स्टुअर्ट हॉल यांनी सांस्कृतिक अस्मिता ही असण्याइतकीच होत जाण्याची बाब आहे असे प्रतिपादन केले. पॉल गिलरॉय यांनी 'द ब्लॅक अटलांटिक' (१९९३) या ग्रंथात राष्ट्राऐवजी अटलांटिक महासागर हेच अभ्यासाचे एकक मानले आणि जहाज या प्रतिमेला मध्यवर्ती स्थान दिले. येथे एक बाब नोंदवणे आवश्यक आहे. सिद्धांत येण्याआधी सुमारे चाळीस वर्षे कादंबरीकाराने तो अनुभव मांडून ठेवला होता. त्यामुळे या कादंबऱ्यांना सिद्धांताची उदाहरणे समजणे कालक्रमाला धरून होणार नाही.

खोली आणि शहर :

सेल्व्हनच्या 'द लोनली लंडनर्स' (१९५६) या कादंबरीची सुरुवात वॉटर्लू स्टेशनवर होते. मोझेस हा जुना स्थलांतरित हिवाळ्यातील धुक्याच्या संध्याकाळी नवागताला घ्यायला जातो. हा नवागत म्हणजे हेन्री ऑलिव्हर. मोझेस त्याला पुढे 'सर गॅलहॅड' हे नाव देतो. तो पातळ कपड्यांत, जवळपास सामानाशिवाय उतरतो. त्याच फलाटावर एक वार्ताहर मोझेसलाच नुकता जमैकाहून आलेला समजून प्रश्न विचारतो. त्रिनिदादचा आणि लंडनमध्ये मुरलेला माणूस बातमीत 'जमैकन नवागत' होऊ शकतो, हे सेल्व्हन हसतखेळत दाखवतो. वृत्तपत्र हे समकालीन साधन म्हणून वापरणाऱ्या इतिहासकाराला हा प्रसंग अंतर्मुख करणारा आहे.

या कादंबरीत टँटी नावाची वृद्ध स्त्री आहे. मुलाने एकट्या आईला बोलावले असता सारे कुटुंबच येऊन धडकते, त्यात ही टँटी. ती कोपऱ्यावरच्या गोऱ्या वाण्याला उधारीची वही ठेवायला लावते. आपल्या बेटावरची विश्वासाची रीत ती लंडनमध्ये रुजवते. भुयारी रेल्वेची तिला धास्ती असते, पण एके दिवशी ती एकटीच तो प्रवास करते. महासागर ओलांडून आलेल्या बाईला शहरातील काही मैलांचा प्रवास मोठा वाटतो. परंतु त्या प्रवासानंतरच शहर तिचे होते. आपलेपणा हा कायद्याने एकदम मिळत नाही, तो उधारीच्या वहीतून, रस्त्यांच्या माहितीतून आणि रविवारी सकाळी मोझेसच्या खोलीत जमणाऱ्या मंडळींच्या गप्पांतून थोडा थोडा मिळतो, हे या कादंबरीचे मोलाचे निरीक्षण आहे. सेल्व्हनने निवेदनासाठीही कॅरिबियन बोलीचा आधार घेतला. प्रमाण इंग्रजीत निवेदन आणि बोलीत संवाद अशी पंक्तिभेदाची व्यवस्था त्याने मोडली.

सेल्व्हनचे वडील मद्रासकडील होते आणि आई अर्धी स्कॉटिश वंशाची. तरीही कृष्णवर्णीय ब्रिटिश साहित्याच्या अभ्यासात त्याची कादंबरी पायाभूत मानली जाते. याचे एक कारण असे की, १९७० च्या दशकातील ब्रिटनमध्ये 'ब्लॅक' हा शब्द राजकीय अर्थाने वापरला जात होता आणि आफ्रिकन, कॅरिबियन व दक्षिण आशियाई अशा सर्वांना तो सामावून घेत होता. नंतर हे छत्र विरले. अस्मितेची नावे परिस्थितीनुसार रुंद आणि अरुंद होतात, याचा हा पुरावा आहे.

शहराची दुसरी बाजू खोलीच्या शोधात दिसते. नायजेरियन लेखिका बुची एमेचेता हिच्या 'सेकंड-क्लास सिटिझन' (१९७४) मधील अडा ही लागोसहून मुलांना घेऊन नवऱ्याकडे येते. घराच्या शोधात ती दूरध्वनीवर आवाज बदलून बोलते, जेणेकरून घरमालकिणीला तिचा वर्ण कळू नये. भेट होताच खोली नुकतीच दिली गेल्याचे तिला ऐकावे लागते. १९६५ च्या वंशसंबंध कायद्यात घर आणि नोकरी यांमधील भेदभावाचा समावेश नव्हता; तो १९६८ मध्ये झाला. कायद्यातील ही तीन वर्षांची फट म्हणजे प्रत्यक्षात किती कुटुंबांच्या दारोदार फिरण्याचा काळ होता, हे अशी कादंबरी वाचल्यावर लक्षात येते. अडाला घरातही दुय्यम स्थान आहे. नवरा तिचे हस्तलिखित जाळतो. वर्ण आणि लिंग या दोन्हींचा भार एकाच व्यक्तीवर कसा पडतो, हे पुरुष लेखकांच्या कादंबऱ्यांत फारसे न आलेले वास्तव ती पुढे आणते.

परतीचा प्रवास :

१९८५ मध्ये दोन महत्त्वाच्या कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या. कॅरिल फिलिप्स हा सेंट किट्स बेटावर जन्मलेला आणि काही महिन्यांचा असताना इंग्लंडला आलेला लेखक. त्याच्या 'द फायनल पॅसेज' मधील लीला १९५८ मध्ये नवरा आणि तान्ह्या मुलासह इंग्लंडला येते. आजारी आई तेथेच असते. आईही जाते आणि नवराही दुरावतो. कादंबरीचे शीर्षक गुलामांच्या अटलांटिक प्रवासाला रूढ असलेल्या 'मिडल पॅसेज' या संज्ञेची आठवण देते. कादंबरीच्या पहिल्या भागाला 'शेवट' असे नाव आहे आणि त्यात निघण्याचा दिवस येतो.

जोन रायली हिच्या 'द अनबिलाँगिंग' मधील हायसिंथ ही अकरा वर्षांची मुलगी. वडिलांनी बोलावले म्हणून ती जमैकाहून इंग्लंडला येते. वडिलांचा धाक आणि शाळेतील तिरस्कार यांतून सुटण्यासाठी ती स्वप्नात जमैका जपते. अनेक वर्षांनी ती परत जाते तेव्हा स्वप्नातला जमैका तेथे नसतो आणि तिलाच परकी ठरवले जाते. 'आपल्या देशात परत जा' हे वाक्य इंग्लंडमध्ये ऐकलेल्या मुलीला मायदेशीही त्याच अर्थाचे शब्द ऐकावे लागतात. परतीचे तिकीट म्हणजे परतीचे घर नव्हे, हे या कादंबरीचे कटू सत्य आहे.

२००४ मध्ये प्रसिद्ध झालेली अँड्रिया लेव्ही हिची 'स्मॉल आयलंड' ही या परंपरेतील पुढची पायरी. लेव्हीचे वडील विंडरशमधूनच आले होते. १९४८ च्या घटनेकडे ती पुढच्या पिढीच्या नजरेने पाहते आणि चार निवेदकांच्या तोंडून ती सांगते. हॉर्टेन्स आणि गिल्बर्ट हे जमैकन. क्वीनी आणि बर्नार्ड हे इंग्रज. हॉर्टेन्स प्रशिक्षित शिक्षिका आहे. नोकरीसाठी गेली असता तिची पात्रता इंग्लंडमध्ये निरुपयोगी ठरवली जाते आणि अपमानाच्या भरात ती बाहेर पडण्याऐवजी अडगळीच्या कपाटाचे दार उघडते. बर्नार्ड युद्धकाळात भारतात असतो. साम्राज्य टिकवण्यासाठी बाहेर गेलेला इंग्रज घरी परततो, तेव्हा आपल्याच घरात साम्राज्याची प्रजा भाडेकरू म्हणून राहत असल्याचे त्याला दिसते. 'छोटे बेट' कोणते, जमैका की ब्रिटन, असा प्रश्न शीर्षकातूनच उभा राहतो. गोऱ्या पात्रांनाही निवेदनाचा हक्क दिल्यामुळे स्थलांतराचा इतिहास हा केवळ येणाऱ्यांचा इतिहास राहत नाही.

कागदाचा प्रश्न :

या कादंबऱ्यांचे ऐतिहासिक महत्त्व २०१८ मधील घटनांनी अधिक स्पष्ट केले. १९७१ च्या कायद्यानुसार १ जानेवारी १९७३ पूर्वी ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या राष्ट्रकुल नागरिकांना कायम राहण्याचा हक्क होता. मात्र त्याचा लेखी पुरावा त्यांना दिला गेला नव्हता. २०१२ नंतर बेकायदा स्थलांतरितांविरुद्ध कडक धोरण आले. नोकरी, घरभाडे, आरोग्यसेवा अशा प्रत्येक ठिकाणी कागदपत्रे मागितली जाऊ लागली. लहानपणी आईवडिलांबरोबर आलेल्या आणि आता वृद्धत्वाकडे झुकलेल्या अनेकांना आपण येथले आहोत हे सिद्ध करता येईना. काहींच्या नोकऱ्या गेल्या, काहींना उपचार नाकारले गेले, काहींना स्थानबद्ध करण्यात आले, तर काहींना देशाबाहेर पाठवण्यात आले. त्यांच्या आगमनाची नोंद असलेली जुनी उतरणपत्रे गृहखात्याने २०१० मध्ये नष्ट केली होती. एप्रिल २०१८ मध्ये गृहमंत्री अँबर रड यांना राजीनामा द्यावा लागला. २०१९ मध्ये भरपाई योजना सुरू झाली आणि मार्च २०२० मध्ये वेंडी विल्यम्स यांचा चौकशी अहवाल प्रसिद्ध झाला.

शासनाने ज्यांच्या येण्याची नोंद राखली नाही, त्यांच्या येण्याची साक्ष वाङ्मयाने राखली, असे या ठिकाणी म्हणावेसे वाटते. तथापि हे विधान जपून करावयास हवे. मोझेस, अडा किंवा हॉर्टेन्स ही पात्रे कोणत्याही न्यायालयात पुरावा म्हणून उभी राहू शकत नाहीत. कादंबरीवरून उतारूंची संख्या ठरत नाही आणि एका लेखकाचा अनुभव सर्वांचा मानता येत नाही. सेल्व्हनच्या लंडनमध्ये स्त्रिया कडेला आहेत. यादीतील २५७ स्त्रियांचा हिशेब त्याच्या कादंबरीत मिळणार नाही. तो यादीतच मिळेल. उलट यादीतील स्त्रीला खोली नाकारली गेल्यावर ती काय करत होती, हे यादी सांगणार नाही. ही दोन साधने एकमेकांना तपासतात आणि एकमेकांची उणीव भरून काढतात.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) कॅरिबियन स्थलांतरितांची सामूहिक अस्मिता मूळ भूमीतून जशीच्या तशी आलेली नाही. जहाज, लंडनमधील खोली आणि नभोवाणी यांच्या साह्याने ती परमुलखात घडली.

२) आपलेपणाची कायदेशीर बाजू आणि व्यावहारिक बाजू यांची गती परस्परविरुद्ध राहिली. १९४८ मध्ये हक्क होता पण घर मिळत नव्हते. पुढे माणसे शहरात रुजत गेली, तसतसा कायदा आक्रसत गेला.

३) स्त्री लेखिकांनी आणि दुसऱ्या पिढीतील लेखकांनी या इतिहासाची व्याप्ती वाढवली. घरातील दुय्यमत्व आणि परतीची अशक्यता हे विषय त्यांच्यामुळे ठळक झाले.

४) कादंबरी हे इतिहासाचे पूरक साधन आहे. ते अभिलेखाची जागा घेत नाही, पण अभिलेखाने कोणते प्रश्न विचारले नाहीत हे दाखवून देते.

आपल्या महाविद्यालयांत इतिहास आणि साहित्य हे विषय स्वतंत्र विभागांत शिकवले जातात. एक विद्यार्थी १९४८ चा कायदा वाचतो आणि दुसरा कादंबरी, परंतु दोघांची गाठ क्वचितच पडते. आपल्याकडेही नागरिकत्व, वास्तव्य आणि कागदपत्रे यांचा संबंध अनेक कुटुंबांच्या जगण्याशी थेट येतो. अशा वेळी एखाद्या समाजाचे आपलेपण ठरवताना केवळ कागद पाहावा की त्याने त्या भूमीत घालवलेले आयुष्यही पाहावे, हा प्रश्न वर्गात उपस्थित व्हावयास हवा. टँटीची उधारीची वही कोणत्याही अभिलेखागारात ठेवलेली नाही. ती कल्पित आहे. पण तशा वह्या ज्या ज्या दुकानांत खरोखर होत्या, तेथे काही माणसे आपली झाली होती, हे नाकारता येणार नाही.